गाडीच्या अलायनमेंटमध्ये ज्याचं नाव रोज घेतलं जातं, त्या ॲकरमनने तो शोध लावलाच नव्हता

व्हिंटेज गाडीचं काम पूर्ण झालं. इंजिन झालं, रंग झाला, क्रोम चकाचक झालं. गाडी रस्त्यावर आली आणि लक्षात आलं की सरळ रस्त्याला ती गुणी पोरासारखी चालते, पण वळण आलं की पुढची टायरं किंचाळतात. शिवाय टायर खायला लागलीय ते वेगळंच.

मेकॅनिक टाय रॉड फिरवून टो मापात आणतो. म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर समोरच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजायचं आणि त्यातला फरक कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणायचा. तरी फरक पडत नाही. मग जाणता माणूस दोन्ही पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर ठेवतो, आतलं चाक 20 अंश वळवतो आणि बाहेरचं किती वळलं ते बघतो. दोन्ही सारखीच वळली तर घोळ इथे आहे.

कारण साधं आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक थोडं जास्त वळायला हवं, नाहीतर एक चाक फरफटत जातं. हे जास्तीचं वळणं ठरतं ते चाकाच्या किंगपिनपासून निघणाऱ्या स्टिअरिंग आर्मच्या तिरकेपणावर. आणि तो बदलायला कुठलाही नट नसतो. कधीकाळी कुणा मालकाने गाडी खड्ड्यात घातली असेल आणि आर्म वाकला असेल, तर टाय रॉड कितीही फिरवा, उपयोग शून्य. आर्मच सरळ करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

या सगळ्या भानगडीला जगभरातल्या गॅरेजमध्ये ॲकरमन म्हणतात. आता गंमत अशी की हा ॲकरमन ओळखला जायचा तो चित्रांच्या दुकानामुळे.

रुडॉल्फ ॲकरमनचा जन्म 1764 चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात. बाप खोगीर बनवणारा. पोराला शिकायचं होतं, पण पैसे नव्हते, म्हणून तोही बापाच्याच धंद्यात शिरला. तिथून घोडागाड्यांची डिझाइन करायला शिकला, पॅरिस वगैरे फिरला आणि 1780 च्या दशकात लंडनला पोचला. हाताला वळण होतं, त्यामुळे बड्या लोकांच्या बग्ग्यांची चित्रं काढायची कामं मिळायला लागली. ट्राफल्गरच्या लढाईत मारला गेलेला ॲडमिरल नेल्सन आठवत असेल. त्याच्या अंत्ययात्रेच्या रथाचं काम याच ॲकरमनकडे आलं होतं.

पण पैसा आणि नाव मिळालं ते छपाईत. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर त्याने चित्रांचं दुकान काढलं. 1809 पासून त्याचं मासिक निघायला लागलं, ज्यात फॅशनची रंगीत चित्रं असायची आणि कापडाचे खरेखुरे तुकडेही चिकटवलेले असायचे. आजच्या इन्स्टाग्रामच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

आता त्या काळच्या घोडागाडीकडे वळू. बैलगाडीला दोनच चाकं, तिला ही कटकट नाही. पण चार चाकांच्या बग्गीचा पुढचा अख्खा कणा मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जोरात वळलं की पुढची दोन्ही चाकं गाडीच्या पोटाखाली यायची, आधार अरुंद व्हायचा आणि बग्गी कलंडायची. म्युनिकमधल्या गेऑर्ग लँकेनस्पर्गर नावाच्या कारागिराने यावर उपाय काढला. कणा जागेवर ठेवायचा आणि प्रत्येक चाक आपापल्या टोकाशी वेगळं वळवायचं. बग्गी वळली तरी आधार तेवढाच रुंद.

इंग्लंडमध्ये याचं पेटंट घ्यायला त्याला तिथला माणूस हवा होता. मूळचा जर्मन, बग्ग्यांतला जाणकार आणि लंडनमध्ये वजन असलेला असा माणूस म्हणजे ॲकरमन. 1818 मध्ये लँकेनस्पर्गरचा एजंट म्हणून त्याने पेटंट काढलं. पुढच्या वर्षी त्याची भलामण करणारी पुस्तिकाही छापली. कागदावर नाव ॲकरमनचं लागलं आणि तेच चिकटलं. लँकेनस्पर्गर मात्र अभ्यासकांच्या तळटिपांत राहिला.

बरं, लँकेनस्पर्गर तरी पहिला होता का? नाही. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. पेशंट बघायला सतत बग्गीतून फिरायचे. त्यांनी जवळपास 60 वर्षं आधी अशीच रचना स्वतःसाठी करून घेतली होती. पेटंट काही घेतलं नाही.

बग्गीवाल्यांनी ॲकरमनच्या कण्याला फारशी किंमत दिली नाही. तो पुन्हा पुस्तकांत रमला, नव्याने स्वतंत्र झालेल्या लॅटिन अमेरिकेतल्या देशांसाठी स्पॅनिश पुस्तकं छापू लागला. 30 मार्च 1834 ला तो गेला, तेव्हा मोटारगाडी जन्मायला अजून अर्धं शतक होतं.

आर्मच्या तिरकेपणाचं श्रेयही त्याचं नाही. दोन्ही आर्मच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या कण्याच्या मध्यावर भेटाव्यात, ही आकृती फ्रान्सच्या शार्ल जाँतोने 1878 मध्ये मांडली. ती अंदाजे बरोबर येते, तंतोतंत नाही, पण व्हिंटेज गाडीला पुरते.

आणि कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या पहिल्या गाडीला तीनच चाकं का होती? पुढची दोन चाकं नीट वळवायची कशी, हे त्याला मनासारखं जमेना. ते जमायला 1893 उजाडलं. मग त्याने चार चाकांची व्हिक्टोरिया काढली आणि स्टिअरिंगचं पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. गॅरेजमध्ये मात्र आजही वाकलेला आर्म सापडला की ॲकरमनच बिघडलाय असं म्हणतात.