आगमनाचे पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, असा आग्रह मंडळींनी केला तेव्हा संतमालिकेतील एखादे नाव निवडणे आम्हांस सोपे होते. परंतु आगमनकाळासंबंधी गेली काही वर्षे आमच्या मनात एक सल आहे आणि तो ह्या निमित्ताने बोलून दाखवावा असे वाटले. म्हणून ज्यांचे चरित्र आम्ही निवडले, त्यांना संतपद मिळालेले नाही. ते एक इंग्रज पाद्री होते, गोव्यात राबले, गोव्यातच वारले, आणि त्यांनी मराठीत रचलेल्या ग्रंथाच्या मूळ नावातच प्रभूचे आगमन आहे. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

सल कोणता, ते आधी सांगतो. डिसेंबर लागला की हर्सूलच्या आपल्या घरांवर चांदण्या चढतात, करंज्यांचा घाट घातला जातो, मुलांचे कपडे शिवून येतात. ह्या सर्वांत आनंद आहे व तो आम्हांस मान्य आहे; मात्र आगमनकाळाचे जे मुख्य काम, वाट पाहणे, तेवढे राहून जाते. दोष आमचाही आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही वेदीजवळ चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र मांडले. ही चाल १८३९ साली हँबुर्गमध्ये विखर्न नावाच्या लूथरपंथी पाळकाने आपल्या आश्रमातील मुलांसाठी काढली, आणि चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी. पण मेणबत्ती लावतानाची प्रार्थना आम्ही इंग्रजीवरून जशीच्या तशी उतरवून आणली होती. मिस्सा संपल्यावर एका आजीबाईंनी आम्हांस विचारले की, दिवे तर चार लागले, पण ज्याची वाट पाहायची त्याची गोष्ट कोणी का सांगितली नाही? आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री कपाटातून स्टीफन्स ह्यांचे पुराण बाहेर निघाले.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडात विल्टशायर परगण्यातील बुश्टन ह्या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ इंग्लंडातील कॅथोलिकांस फार कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात मिस्सा लपून ऐकावी लागे. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राच्या संगतीने स्टीफन्स ह्यांनी काही काळ काढला आणि दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. पाउंड पकडले गेले व पुढे सुमारे ३० वर्षे त्यांचा तुरुंगवास चालला. स्टीफन्स एकटेच निसटले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात रोम येथे संघात दाखल झाले. मात्र मित्रास ते विसरले नाहीत. पाउंड ह्यांस तुरुंगात असतानाच संघाचा सभासद करून घ्यावे, म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे अर्ज केला व १५७८ साली तो मान्य झाला. दाराबाहेर उभे राहून आत असलेल्यासाठी खटपट करणे हा त्यांचा स्वभावच दिसतो, कारण पुढे गोव्यातही तो दिसून आला.

१५७९ च्या ४ एप्रिल रोजी पाच गलबतांचा तांडा लिस्बनहून निघाला, त्यात ते होते. गोव्याचा किनारा दिसला २४ ऑक्टोबरला. ह्या सहा महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबर रोजी वडिलांस पत्राने कळविले आणि ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. वारा पडला की जहाज दिवसेंदिवस जागीच राही, हिरड्या सुजून माणसे आजारी पडत. सुमारे १५० जण आजारी पडले व त्यांतील २७ दगावले. तेवढ्यावर निभावले म्हणून खलाशी समाधान मानीत होते. क्षितिजाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे ज्याने असे भोगले, त्याने पुढे मानवजातीच्या प्रतीक्षेचे पुराण रचावे ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, त्यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळाली व साष्टी प्रांत त्यांचे कार्यक्षेत्र झाला. तेथे दिवस सुखाचे नव्हते. १५८३ च्या जुलै महिन्यात अकबराच्या दरबाराहून नुकतेच परतलेले रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार संघबंधू कुंकळ्ळी येथे मारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी चार इंग्रज हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. स्टीफन्स आपला देश सोडून आले होते तो ह्यांच्याच राणीच्या धर्मकायद्यांमुळे. तरी ते त्यांच्या मदतीस धावले आणि त्यांच्या व आणखी एका फ्लेमिश पाद्रीच्या खटपटीने त्या चौघांची जामिनावर सुटका झाली. आमच्या गावच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून रोज जाणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटते.

त्याच १५८३ च्या ऑक्टोबरात भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. ही गोष्ट युरोपातील पंडितांच्या ध्यानी येण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. कोंकणी तर त्यांनी अशी आत्मसात केली की, तिचे व्याकरण व तिच्यात ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक त्यांनी लिहिले. ती अनुक्रमे १६४० व १६२२ साली, त्यांच्या मागे, छापून निघाली. परंतु त्यांचा खरा जीव जडला तो मराठीवर. ते साष्टीत मराठी ओवी कानांत साठवीत होते, त्याच काळात आपल्याच जिल्ह्यातील पैठणास एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते. ते काम १५८४ साली पुरे झाले. दोघांची भेट झाली असेल असे मानण्यास काही आधार नाही. पण गोदातीरी आणि साष्टीत एकच छंद घुमत होता, एवढे खरे.

पुराण रचण्याचे निमित्त कसे घडले, ते त्या ग्रंथाच्या आरंभीच आले आहे. एका ख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूस विनविले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मन रमविण्यास व कथा ऐकण्यास त्यांच्या जागी काही द्या. ही विनंती वाचताना आम्ही दर खेपेस थांबतो. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती, पोथ्यांवर बंदी होती आणि हे सर्व पोर्तुगीज सत्तेच्या बळावर झाले होते. आपल्या धर्माचा प्रचार अशा मार्गाने व्हावा, हे आम्ही कधीच योग्य मानणार नाही. स्टीफन्स त्या व्यवस्थेतीलच होते, हेही लपवून चालणार नाही. पण समोरच्या माणसाची पोकळी त्यांना दिसली, आणि ती त्यांनी हुकमाने नव्हे, त्याच्याच छंदात गायलेल्या कथेने भरली.

ग्रंथ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापला गेला. आज आपण त्यास ख्रिस्तपुराण म्हणतो. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ मात्र आपला तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या जगातील आगमनावरील प्रवचन, असा आहे. ओव्या सुमारे ११,०००. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्याचे ५९. ह्या मांडणीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ख्रिस्ताची कथा सांगावयाची, आणि ३६ अध्याय होईपर्यंत ख्रिस्ताचा जन्मच नाही! सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. पिढ्यामागून पिढ्या येतात, वाट पाहतात आणि जातात. पहिले पुराण संपते तेव्हा ऐकणारा स्वतःच त्या रांगेत उभा असतो. मग दुसऱ्यात पवित्र मरिया येते, देवदूताचा निरोप येतो, बेथलेहेमचा गोठा येतो. आम्ही सेमिनरीत आगमनकाळाचे धर्मशास्त्र पुष्कळ शिकलो, पण मराठी घराला तो काळ पाळावयास शिकविणारे ह्याहून चांगले पुस्तक आम्हांस ठाऊक नाही.

स्टीफन्स ह्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ च्या डिसेंबरात, ऐन आगमनकाळात, त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिले की, ह्या देशाच्या भाषेत व ह्याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, असे आपल्या मनात कित्येक वर्षे आहे. अडचण खिळ्यांची होती. युरोपात २४ अक्षरांवर भागे, येथे जोडाक्षरांसह ६०० साचे लागतील असे म्हणत. ती संख्या कशी घटवावी ह्याचाही त्यांनी विचार केला होता. ते साधले नाही. मराठी पुराण रोमन अक्षरांत निघाले. सत्तरीच्या घरात पोहोचलेले स्टीफन्स १६१९ साली गोव्यात वारले.

पुढे १६४९ व १६५४ साली पुराणाच्या आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये व घरोघर ते गाइले जाई. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. तरी हस्तलिखितांतून पुराण टिकून राहिले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा ह्याच ओव्यांनी त्यांस धीर दिला, अशी तिकडे परंपरा आहे. मंगळूरलाच १९०७ साली जोसेफ सालढाणा ह्यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापविला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत संपूर्ण पुराण छापले गेले १९५६ साली, पुण्यास, शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने. रायतूरच्या आवृत्तीनंतर ३४० वर्षांनी!

त्या आजीबाईंच्या प्रश्नानंतर आम्ही काय केले, ते थोडक्यात सांगून लेखणी ठेवतो. आगमनकाळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ चा. तेव्हा ३६ अवस्वरू सगळे वाचणे होत नाही, आणि जुनी मराठी एकदम कळतही नाही. म्हणून दर संध्याकाळी एका घरी मंडळी जमतात. घरातील लेकरू चक्रावरील मेणबत्ती लावते, कोणी थोड्या ओव्या चालीवर म्हणतो, आणि घरातील वडीलधारे माणूस त्या दिवसाची कथा साध्या बोलीत सांगते. पहिल्या वर्षी आमचीच जीभ जागोजाग अडखळली. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना तर देवनागरी वाचणेच जड जाते. पण ऐकून पाठ करण्यात ती आम्हांपेक्षा तरबेज निघाली. गोठा मात्र आम्ही २४ च्या संध्याकाळपर्यंत रिकामाच ठेवतो. ह्यावर काही घरांतून कुरकुर झाली, ती अद्याप पुरती थांबलेली नाही.

आणखी एक काम तरुण मंडळींनी आपण होऊन उचलले. कारागृहात मुलाखतीच्या दिवशी लांबच्या खेड्यांतून कैद्यांची माणसे पहाटेपासून येऊन दाराशी बसतात. आगमनकाळात त्यांना चहा व भाकरी नेऊन द्यावयाची, आणि कोणी बोलू लागले तर जवळ बसून ऐकावयाचे. गेल्या खेपेस त्या आजीबाईही काठी टेकीत तेथे आल्या होत्या.