पंडिता रमाबाई आणि माणूस झालेला देव

यंदाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातवी पास झालेली, घरकाम करणारी बाई. तेव्हा जे वाचले आणि जेवढे समजले तेवढेच साध्या शब्दांत सांगते. चरित्र पंडिता रमाबाईंचे आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्या निराळ्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण आपल्यात पुष्कळजणींचा घोटाळा होतो.

पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काय केले हे आपण थोडेफार ऐकलेले असते. मला त्यांच्या मनातल्या एका प्रश्नाविषयीही सांगायचे आहे. ख्रिस्ती लोक असे मानतात की, माणसांना पापातून सोडवण्यासाठी देव स्वतः येशूच्या रूपाने माणूस झाला. तो गरिबाघरी जन्मला, भुकेला झाला, रडला, वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला. आपल्याला देव खाली येणे नवे नाही. विठोबा जनाबाईला दळू लागतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ख्रिस्ती श्रद्धेत हे येणे एकदाच झाले, आणि ते मरणापर्यंत खरे माणूसपण होते. ही गोष्ट रमाबाईंना पटायला कित्येक वर्षे लागली.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. बायकांना संस्कृत शिकवणे त्या काळी लोकांना रुचले नाही, म्हणून ते रानात जाऊन राहिले. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थांतून पुराणे सांगत पायी हिंडे. म्हणजे देवाच्या अवतारांच्या कथा त्यांच्या ओठांवरच होत्या. मग दुष्काळ आला. होते नव्हते ते दानधर्मात गेले, नवस झाले, उपास झाले. १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अर्धपोटी, अनवाणी हिंदुस्थानभर फिरले. ज्या मुलीने हे पाहिले, तिचा अशा कथांवरचा विश्वास उडाला तर नवल काय?

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. ते दुसऱ्या जातीचे. १८८१ साली मनोरमा झाली, आणि १८८२ साली पती पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच वैधव्य, आणि कडेवर लहान मूल! त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ साली त्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. या भगिनी लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देत. ज्यांना समाज दारात उभे करीत नाही, त्यांची सेवा कोणी मायेने करते हे पाहून रमाबाईंना फार आश्चर्य वाटले. याचे कारण विचारता त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचायला मिळाली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, नावे ठेवलेल्या बाईशी येशू आदराने बोलतो, अशी ती कथा आहे. काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे पूर्वीच ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लिखाणाचाही परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण प्रश्न संपला नव्हता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी डोरोथिया बील आणि वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून पुष्कळ वाद घातला. देव एक आहे हे त्यांना मान्य होते; पण येशू हाच देव, हे डोळे मिटून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधाराने राहून हे बोलायला केवढे धैर्य लागले असेल! त्यांनी शाकाहारही सोडला नाही. अंडे घातलेला गोड पदार्थसुद्धा त्यांना चालत नसे, आणि त्यावरून बोलणी खावी लागत. धर्म बदलला तरी आपले मन आणि आपले घर त्यांनी गहाण टाकले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले आणि मदत मिळवली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनाची गाठ सुटली. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण तारणारा ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या विद्येने, पुण्याईने देवापर्यंत पोचायचे नसून देवच आपल्यापर्यंत येऊन पोचला आहे, हे त्यांना उमगले. हजारो श्लोक पाठ असणाऱ्या पंडितेला हे मानणे सोपे गेले नसेल.

याची किंमतही द्यावी लागली. सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माचा आग्रह होणार नाही अशा भरवशाने मुली पाठवल्या होत्या, हे पालकांचे दुःख आपण आयांनी समजून घेतले पाहिजे. आणि आपली प्रार्थना दार लावून का करावी, हे रमाबाईंचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन वसवले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे २,००० जणी होत्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईने हे केले! शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना ही कामे मुलीच करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतच्या एवढ्या पंडिता, पण शब्द वापरले ते अडाणी बाईला कळतील असे. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. लेकीचे दुःख पोटात ठेवून त्या काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तीच्या मुलींनी छापलेले पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

भगिनींनो, त्यांची श्रद्धा आपली असेल वा नसेल. पण देव खाली उतरून माणसांत आला असे ज्यांनी मानले, त्या स्वतःही उंच आसनावर बसून राहिल्या नाहीत, उपाशी पोरींच्या उवा काढायला आणि जखमा धुवायला बसल्या. आपल्या मंडळाकडे मदत मागायला येणाऱ्या बाईला आपण आधी तिची जात आणि चूक विचारतो की आधी पाणी विचारतो, एवढे जरी आपण पाहिले तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.