उसना आवाज

हुकूमशाहीशी झुंज घेऊन जो तुरुंगात गेला, त्याचे चरित्र लिहिणे अवघड नाही. त्याच्यासाठी इतिहासाने शब्द आधीच घडवून ठेवलेले असतात. पण जो तुरुंगात गेला नाही, देश सोडून गेला नाही, हुकूमशहाच्या राज्यात पोटासाठी आपला व्यवसाय करीत राहिला आणि तरीही ज्याने आपली कला बाटू दिली नाही, त्याचे माप कोणत्या तराजूत करावे? स्पेनचा विख्यात नट फर्नांदो रे याचे आयुष्य पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

रे याचा जन्म 20 सप्टेंबर 1917 रोजी स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरील ला कोरुन्या या बंदरात झाला. मूळ नाव फर्नांदो कासादो आराम्बियेत. वडील लष्करी अधिकारी आणि प्रजासत्ताकाचे निष्ठावंत. मुलगा स्थापत्यकलेचा अभ्यास करीत होता. परंतु 1936 साली सेनापतींनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले आणि यादवी युद्धाच्या वणव्यात त्याचे शिक्षण कायमचे थांबले. तोही प्रजासत्ताकाच्याच बाजूने लढला. 1939 साली फ्रँकोचा विजय झाला. वडिलांच्या नशिबी तुरुंगवास आला आणि मुलाच्या नशिबी पराभूताचे जिणे. चित्रपटांतील गर्दीत उभे राहून चार पैसे मिळवणाऱ्या या तरुणाने वडिलांचे आडनाव मागे ठेवून मातृकुळाकडचे ‘रे’ हे नाव घेतले. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ राजा. प्रजासत्ताकासाठी लढलेल्या घराण्यातील मुलाने असे नाव धारण करावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

त्याला तारले ते त्याच्या आवाजाने. 1941 साली फ्रँकोच्या सरकारने परदेशी चित्रपटांचे संवाद स्पॅनिशमध्ये ध्वनिमुद्रित करणे सक्तीचे केले. वरकरणी हे भाषाप्रेम. पण संवाद बदलले की कथाही बदलता येते, ही त्यातील खरी मेख होती. ‘मोगॅम्बो’ या चित्रपटातील नवरा-बायकोला सेन्सॉरने व्यभिचाराच्या भयाने भाऊ-बहीण करून टाकले, आणि एक पाप झाकण्याच्या नादात दुसरे अधिक घोर पाप पडद्यावर आणले! ज्यांनी सालाझारच्या अमलात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे धाडल्या, त्या गोमंतकीयांना या शहाणपणाची ओळख करून द्यायला नको. या ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात रे याने परक्या नटांना आपला धीरगंभीर आवाज उसना दिला. 1948 च्या ‘लोकूरा दे आमोर’सारख्या, राजवटीला मानवणाऱ्या ऐतिहासिक चित्रपटांत तो राजवस्त्रे लेवून वावरला. 1953 साली बेर्लांगा याच्या ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ या उपरोधपूर्ण चित्रपटात तर तो दिसतही नाही. निवेदकाचा आवाज मात्र त्याचा आहे.

चाळिशी उलटली तरी त्याच्या गुणांना साजेशी भूमिका त्याच्या वाट्याला आली नव्हती. ती आली ज्या वर्षाच्या अखेरीस गोमंतक मुक्त झाला त्या 1961 साली. मेक्सिकोत राहिलेला दिग्दर्शक लुई बुन्युएल स्पेनमध्ये परतला आणि त्याने ‘विरिदियाना’ काढला. मठात जाऊ घातलेल्या भाचीवर लोभावलेला आणि अखेर लहान मुलीच्या उडी मारण्याच्या दोरीने गळफास घेणारा वृद्ध जमीनदार रे याने उभा केला. कानच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. व्हॅटिकनच्या मुखपत्राने त्यावर आग पाखडली आणि ज्या स्पेनच्या नावाने पारितोषिक मिळाले, त्याच स्पेनने चित्रपटावर बंदी घातली. ज्या देशात पोट भरायचे तेथील सत्तेला झोंबणारी भूमिका करणे ही लहान गोष्ट नव्हे. घोषणा न देता घेतलेला हा धोका होता, आणि पुढे 1970 साली ‘त्रिस्ताना’मध्ये त्याने बुन्युएलचीच साथ केली.

हॉलिवूडमध्ये तो पोहोचला तो मात्र चुकीने. ‘द फ्रेंच कनेक्शन’साठी दिग्दर्शक फ्रीडकिनला दुसराच स्पॅनिश नट, फ्रान्सिस्को राबाल, हवा होता; नावाच्या घोटाळ्यात बोलावणे गेले रे याला. 1971 साली त्याने रंगवलेला सभ्य, दाढीधारी, पोलिसांना भुयारी रेल्वेत हुलकावणी देणारा हेरॉइनचा व्यापारी जगभर गाजला.

फ्रँको 1975 च्या नोव्हेंबरात मरण पावला. त्यानंतरचे 1977 साल रे याच्या आयुष्यात विलक्षण ठरले. सोळा वर्षे दडपलेला ‘विरिदियाना’ स्पेनच्या चित्रगृहांत लागला. कार्लोस साउरा याच्या ‘एलिसा, विदा मिया’बद्दल त्याला कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान लाभला. त्याच वर्षी बुन्युएलच्या अखेरच्या चित्रपटात तो नायक झाला. पण तेथे त्याच्या फ्रेंच संवादांना आवाज दिला मिशेल पिकोली याने. इतरांच्या मुखी आपला आवाज घालणाऱ्याच्या मुखी आता दुसऱ्याचा आवाज होता.

1947 साली, उमेदवारीच्या काळात, ‘दोन किखोते’वरील चित्रपटात रे याने सान्सोन कार्रास्को हा पदवीधर रंगवला होता. त्या वेड्या सरदाराला द्वंद्वात हरवून घरी धाडणारा शहाणा तो हाच. 1992 साली स्पॅनिश दूरदर्शनच्या मालिकेत चौऱ्याहत्तर वर्षांचा रे स्वतः किखोते झाला आणि घरोघरी पोहोचला. 9 मार्च 1994 रोजी माद्रिद येथे त्याचे निधन झाले, तेव्हा तो स्पेनच्या चित्रपट अकादमीचा अध्यक्ष होता.

चळवळीत वाढलेल्या आमच्या पिढीला माणसे तुरुंगवासाच्या वर्षांनी मोजण्याची सवय आहे. ते माप खोटे नाही, पण अपुरे आहे. मुकाट राहिलेला प्रत्येक जण रे नसतो, हेही खरे. गप्प राहून पुढे शौर्याच्या गोष्टी सांगणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. रे याचे वेगळेपण असे, की मागितले गेले तेव्हा त्याने आवाज उसना दिला, पण बुन्युएलची हाक आली तेव्हा त्याने स्वतःचा चेहरा पुढे केला. पराभूत बापाच्या या मुलाला न्याय द्यायचा, तर दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतील.