सगळंच ‘टेन्शन’ नसतं!

सबमिशनच्या आठवड्यात हाताला मुंग्या आल्या, दमल्यासारखं झालं, की घरून एकच उत्तर मिळतं: टेन्शन घेतोयस, झोप काढ. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण जॅकलिन ड्यू प्रेची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

जॅकलिन १९४५ ची, ऑक्सफर्डची. चार-पाच वर्षांची असताना तिने रेडिओवर चेलो ऐकला आणि आईपाशी हट्टच धरला, हेच वाद्य पाहिजे! सोळाव्या वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिची मैफल झाली. विशीत, १९६५ मध्ये, एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला. आजही लोक तो ऐकतात. १९६७ मध्ये पियानोवादक डॅनियल बारेनबॉइमशी लग्न केलं. मग देशोदेशीचे दौरे, कार्यक्रमांवर कार्यक्रम.

१९७१ च्या सुमारास बोटं बधिर होऊ लागली. सतत थकवा. तेव्हा एमआरआय नव्हता. त्रासाचं खापर मानसिक ताणावर फुटलं. अशा वेळी माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. तिने वाजवणं थांबवलं, विश्रांती घेतली, पुन्हा उभी राहिली.

फेब्रुवारी १९७३. लंडनमध्ये पुन्हा एल्गार. ऑर्केस्ट्रासमोर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. त्यानंतर न्यूयॉर्कला गेली, तर बोटांना तारा जाणवेनात. बोट कुठे ठेवायचं, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. वय फक्त २८! चेलो सुटला. व्हीलचेअरवर बसूनही ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी गेली.

या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. विजेच्या वायरीचं प्लास्टिक सोलल्यावर जे होतं, तसंच काहीसं. संदेश अडखळतात. सुरुवात बहुधा वीस ते चाळीस या वयात होते.

मग ताणाचा संबंध काय? १८६८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन करणाऱ्या शार्को या फ्रेंच डॉक्टरांनाही दुःख आणि मनस्ताप यांचा त्यात हात असावा असं वाटत होतं. ज्यांना आजार आहे, त्यांच्यात मोठ्या ताणानंतर तो उसळण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलंय. पण नुसत्या ताणाने तो होतो, हे सिद्ध झालेलं नाही. आनुवंशिकता, एपस्टीन-बार विषाणू, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, असे अनेक धागे त्यात गुंतलेत.

म्हणून घाबरू नका. मुंग्या आल्या म्हणजे एमएस नव्हे. पण एका डोळ्याने अंधुक दिसणं, बधिरपणा, तोल जाणं दिवसभराहून जास्त टिकलं, तर सरळ डॉक्टर गाठा. तपासणीआधीच टेन्शनचा शिक्का मारू नका. स्वतःवर नाही, मैत्रिणीवरही नाही. जॅकलिनच्या वेळी हा आजार रोखणारी औषधं नव्हती. आज आहेत, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.