विश्लेषण : नाना फडणवीसांचा पलंग आजही मेणवलीत कसा?

पेशवाईचा कारभार सुमारे पाव शतक ज्यांच्या हाती होता, त्या नाना फडणवीसांचा सागवानी पलंग वाईजवळच्या मेणवलीतील वाड्यात आजही जपून ठेवलेला आहे. खोपोलीचे तळे आणि तेथील महादेवाचे मंदिर बांधणारे हेच नाना. त्यामुळे कुंभिवली आणि एकूणच कर्जत-खालापूर पट्ट्याला हे नाव परके नाही. नानांची बहुतेक संपत्ती त्यांच्यामागे जप्तीत आणि भांडणांत गेली. मग हा पलंग मागे कसा राहिला?

नाना कोण होते?

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे मूळ नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, सातारा. भानू घराणे मूळचे कोकणातले. घरात फडणिशी, म्हणजे सरकारी हिशेब आणि दप्तराचे काम होते. १७६१ मध्ये पानिपतावर गेलेले नाना जेमतेम जीव वाचवून परतले. सोबत गेलेली आई मात्र कायमची दुरावली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारभारात नाना पुढे आले आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवू लागले.

मेणवलीचा वाडा कधीचा?

१७६८ मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांच्याकडून नानांना मेणवली गाव मिळाले. तेथे त्यांनी कृष्णाकाठी सहा चौकांचा वाडा, घाट आणि मंदिरे बांधली. ‘स्वदेस’ चित्रपटात अनेकांनी हा घाट पाहिला असेल. वाड्यात भित्तिचित्रे, जुने लाकडी सामान आणि नानांचा पलंग आहे.

त्या काळी पलंगाला एवढे महत्त्व का?

वाड्यातला दिवस जमिनीवरच्या बैठकीत जाई. गादी, लोड आणि तक्क्ये एवढ्यावर दरबारही भरे आणि हिशेबही होत. घरात बहुतेकांची निजही जमिनीवरच असे. पलंग हे श्रीमंताघरचे आणि खासगी दालनातले सामान होते. त्यावर नवार विणलेली, वर गादी, उशा, रजई आणि पलंगपोस. छपरी पलंगाला चार खांब आणि वर छत असे. कौलांतून पडणारी धूळ छतामुळे अडे आणि मच्छरदाणी लावायचीही सोय होई. देवालाही शेज लागते. पंढरपुरात विठ्ठलाची शेजारती होते, तर तुळजापूरची भवानी वर्षातून ठरावीक काळ पलंगावर निद्रा घेते.

इंग्लंडमध्ये काय पद्धत होती?

मध्ययुगीन इंग्लंडमधील सरदारांच्या घरात पलंग ही मिरवण्याची वस्तू होती. लाकडापेक्षा किंमत कापडाची. वरचे छत अनेकदा तुळयांना दोऱ्यांनी टांगलेले असे आणि भोवतीचे जाड पडदे थंडी अडवत. धनी दुसऱ्या गढीवर निघाला की हे सगळे उतरवून सोबत नेता येई. मृत्युपत्रात पलंगाचा वेगळा उल्लेख होई. १३७६ मध्ये वारलेला राजपुत्र एडवर्ड, म्हणजे ‘ब्लॅक प्रिन्स’, यानेही मुलासाठी पलंग लिहून ठेवला होता. आपल्याकडे रीत उलटी. मृताच्या नावाने गादी-उशीसह शेज दान द्यायची, म्हणजेच शय्यादान. तिकडे पलंग वारशाने घरात राही, इकडे शेज मृतामागे घराबाहेर जाई.

खोपोलीशी नानांचा संबंध काय?

पुण्याहून पनवेलकडे उतरणारा बोरघाट नानांच्या दृष्टीने व्यापाराची वाट होता आणि शत्रूचीही. १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने घाट घेतला आणि पायथ्याशी खोपोलीत तळ दिला. नानांनी बोलणी लांबवली आणि मराठी फौजांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये गॉडार्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी सालबाईचा तह झाला.

शेवटची वर्षे कशी गेली?

१७९५ मध्ये खर्ड्याचा विजय मिळाला. त्याच वर्षी शनिवारवाड्यात वरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नानांचा आधारच गेला. १७९६ मध्ये त्यांना पुणे सोडून वाई आणि पुढे महाड गाठावे लागले. परत आल्यावर ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना दगा देऊन पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मागे मुलगा नव्हता.

मग पलंग टिकला कसा?

त्याचे उत्तर नानांच्या अल्पवयीन विधवेकडे, जिऊबाईंकडे जाते. दुसऱ्या बाजीरावाने नानांच्या मालमत्तेवर हात टाकला आणि त्यांच्या माणसांना कैद केले. जिऊबाईंना लोहगडावर नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत याचा आसरा मिळाला. जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनंतर त्या इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलला आल्या आणि त्यांना वर्षाला १२ हजार रुपये ठरले. ज्या इंग्रजांना नानांनी आयुष्यभर रोखले, त्यांच्याच आश्रयाला त्यांची पत्नी गेली. पुढे मेणवलीचा वाडा जिऊबाईंना परत मिळाला आणि घराण्याकडेच राहिला. वाडा राहिला म्हणून आतले सामान राहिले.

त्यातून आज काय कळते?

याच वाड्यातले मोडी कागद मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध आहेत आणि उत्तर पेशवाईच्या इतिहासाचा तो मोठा आधार आहे. कागदांतून नानांचा कारभार कळतो, पलंगातून त्यांचे घर कळते. लोहगडचा खजिना पांगला, पुण्यातली सत्ता १८१८ मध्ये संपली. ज्या घराचा ताबा एका एकाकी विधवेला परत मिळाला, तेथे मात्र दप्तरही टिकले आणि पलंगही.