पटवाऱ्याचा मुलगा आणि जनुकाची लिपी

गावचा पटवारी म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. निजामी राजवटीत शेतसाऱ्याचे दप्तर त्याच्याच हाती असे. पंजाबमधील रायपूर हे असेच एक खेडे, जेमतेम शंभर वस्तीचे. आता ते पाकिस्तानात आहे. तेथील पटवारी गणपतराय खोराना यांच्या पाच अपत्यांपैकी धाकटे हरगोविंद. कागदोपत्री जन्मतारीख ९ जानेवारी १९२२. गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळपास हे एकच. पहिली चार वर्षांची शाळा झाडाखाली भरली. या झाडाखालच्या शाळेतून निघालेल्या मुलाने पुढे सजीवांच्या पेशीतील लिपी उलगडली.

मुलतानचे डीएव्ही हायस्कूल, लाहोरचे पंजाब विद्यापीठ आणि १९४५ मध्ये भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठ, असा खोराना यांचा शिक्षणप्रवास झाला. १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर ज्युरिकला व्लादिमीर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही काळ काम केले. जुने जर्मन संशोधन चाळताना कार्बोडायइमाइड नावाच्या संयुगांची माहिती त्यांच्या हाती लागली, ती तेथेच. रेणू एकमेकांना सांधण्यासाठी ही संयुगे त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९४९ मध्ये ते मायदेशी परतले. फाळणीने घर गेले होते, कुटुंब दिल्लीत निर्वासित झाले होते. ज्या देशाने शिकण्यासाठी परदेशी पाठविले, त्या देशात या तरुणाला साजेशी नोकरी मिळू शकली नाही. नवस्वतंत्र देशापुढच्या अडचणी मान्य केल्या तरी ही गोष्ट खटकत राहते. खोराना केंब्रिजला गेले आणि १९५२ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला. तेथे साधने तुटपुंजी होती, पण काम निवडण्याचे स्वातंत्र्य होते. त्याच वर्षी स्विस तरुणी एस्थर सिब्लर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दुसऱ्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. या रचनेतच नकलेचे रहस्य होते. डीएनएची अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. ए समोर टी आणि जी समोर सी हीच जोडी जमते. पेशी दुभंगण्यापूर्वी दोन्ही धागे उसवले जातात आणि प्रत्येक जुना धागा नव्या धाग्याचा साचा बनतो. माणसाच्या एका पेशीत अशा सुमारे ६०० कोटी जोड्यांची नक्कल व्हावी लागते. ती करणारे विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेज. ते मोठे शिस्तीचे. कोऱ्या जागेवर ते आरंभ करीत नाही. आधी एक छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो. शिवाय ते एकाच दिशेने चालते. त्यामुळे एक धागा सलग बनतो, तर दुसरा तुकड्या-तुकड्यांनी, आणि ते तुकडे लायगेज नावाचे दुसरे विकर सांधते.

खोराना १९६० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात आले. या अक्षरांवरून प्रथिने कशी घडतात, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग यांनी पहिला सांकेतिक शब्द ओळखला होता. खोराना यांनी रसायनशास्त्रज्ञाचा मार्ग धरला. क्रम आधीच ठाऊक असलेले डीएनएचे छोटे तुकडे त्यांनी हाताने घडविले आणि लांब धागा विणण्याचे काम पेशीच्याच नक्कल करणाऱ्या विकरावर सोपविले. त्या धाग्यावरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. यू-सी-यू-सी अशी आवर्तने असलेल्या आरएनएपासून सेरीन आणि ल्युसीन ही अमिनो आम्ले आलटून-पालटून जोडलेली साखळी मिळाली. यूसीयू म्हणजे सेरीन, सीयूसी म्हणजे ल्युसीन. शब्द तीन अक्षरी असतो, हेही त्यातून पक्के झाले. एकूण ६४ शब्दांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन पूर्णविरामासाठी. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतील मुले हा तक्ता एका बैठकीत पाठ करतात. तो पुरा होण्यास अनेक प्रयोगशाळांची वर्षे लागली. १९६८ मध्ये निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत खोराना यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी, १९६६ मध्येच, त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. भारत सरकारने १९६९ मध्ये पद्मविभूषण दिले.

नोबेलनंतर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. आता त्यांना अख्खे जनुकच घडवायचे होते. छोटे तुकडे रसायनाने बनवायचे आणि लायगेजने सांधायचे, ही रीत. १९७० मध्ये यीस्टमधील एका जनुकाची जुळणी त्यांनी जाहीर केली. ते पेशीत चालेल का, हा प्रश्न मात्र उरला. १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांच्या गटाने बनविलेले दुसरे जनुक जिवंत जिवाणूत काम करू लागले आणि उत्तर मिळाले.

याच खटाटोपात एक कल्पना निपजली. दोन बाजूंनी दोन प्रायमर लावून डीएनएचा हवा तो तुकडा परीक्षानळीत पुन्हा पुन्हा दुप्पट करता येईल, असे त्यांचे सहकारी क्येल क्लेप्पे आणि इतरांनी खोराना यांच्यासह १९७१ मध्ये मांडले. ती तशीच पडून राहिली. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी स्वतंत्रपणे ती प्रत्यक्षात आणली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हेच पीसीआर तंत्र. एका रेणूपासून ३० फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. २०२० च्या करोनासाथीत नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत घशातील स्रावाचे नमुने तपासले जात होते, ते याच दुपटीच्या हिशेबावर.

खोराना यांनी या श्रेयावर वाद घातला नाही. तोवर ते दुसऱ्याच विषयात रमले होते: डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन प्रकाशाची वर्दी पेशीला कशी देते, याचा शोध. २००७ मध्ये ते निवृत्त झाले आणि ९ नोव्हेंबर २०११ रोजी मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड येथे त्यांचे निधन झाले.