सी. के. नायडू

कोट्टारी कनकय्या नायडू (जन्म : ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर, मृत्यू : १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होत. त्यांचे कुटुंब तेलुगू भाषक होते. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. दक्षिणेकडे चांदा जिल्ह्यातील अहेरीच्या अरण्यापर्यंत हा प्रांत पसरला होता.

त्या काळी मुंबईतील प्रमुख सामने प्रांतांचे नव्हे, तर धर्मावर आधारलेल्या संघांचे असत. नायडू १९१६ साली हिंदू संघातून प्रथमच खेळले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. दोन तासांच्या आत झालेल्या या खेळीने हिंदी क्रिकेटकडे पाहण्याची परकीयांची दृष्टी बदलली.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद मात्र पोरबंदरच्या महाराजांना मिळाले होते. महाराज स्वतः बाजूला झाले, उपकर्णधार असलेले लिंबडीचे राजपुत्र जायबंदी झाले, आणि लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीत नेतृत्व नायडूंकडे आले. क्षेत्ररक्षणात हाताला दुखापत होऊनही त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या. १९३३ साली विस्डेनने त्यांची वर्षातील पाच खेळाडूंत निवड केली. तरीही १९३६ च्या दौऱ्यात विजयनगरमच्या महाराजकुमारांना कर्णधार करण्यात आले. ही निवड खेळापेक्षा दरबारी वजनावर झाली, असेच म्हणावे लागते. नायडू त्यांच्या हाताखाली खेळले आणि ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत त्यांनी ८१ धावा केल्या. एकूण सात कसोटींत त्यांच्या ३५० धावा आहेत. त्यांची योग्यता या आकड्यावरून कळत नाही.

१९३४-३५ मध्ये प्रांतिक संघांची रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. नायडूंच्या उत्तरायुष्यातील कर्तृत्व मुख्यतः या स्पर्धेतील आहे. तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून ते १९२३ मध्येच इंदूरला गेले होते व होळकर सैन्यात अधिकारी झाले होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, नागपूरचेच हिरालाल गायकवाड अशा खेळाडूंना घेऊन त्यांच्या होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा करंडक जिंकला. यांपैकी पहिल्या अंतिम सामन्यात, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. शिस्तीच्या बाबतीत ते अत्यंत कडक होते. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतरच्या हंगामात, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले.

राज्यांच्या युवा संघांमधील राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.